नऊनंतरचं मौन

आबांच्या वेळेपासून या घराची एक रीत होती. भांडायचं असेल तर खाली कारखान्यात जायचं, लांब टेबलाभोवती बसायचं, आणि छापून आलेल्या कागदांना घड्या घालत घालत भांडायचं. पुस्तकबांधणीत घडी ही पहिली पायरी. मोठा कागद तीनदा दुमडला, हाडाच्या पट्टीने दाबला, की सोळा पानांचा एक फर्मा होतो. हात कामात असले की आवाज आपोआप खाली राहतो, असं आबा म्हणत. दादांनी शिक्षण सोडून धंद्यात यायचं ते या टेबलावर ठरलं होतं. नवरा गेल्यावर माईंनी माहेरी परत यायचं तेही इथंच. आणि माईंचा जावई कारखान्याचं ऑफिस सांभाळेल, हेसुद्धा अकरा वर्षांपूर्वी इथंच, फर्म्यांच्या ढिगाआड ठरलं होतं.

त्या रविवारी दुपारी तीनला माई जिना उतरून खाली आल्या तेव्हा बाकीचे जागा धरून बसले होते. दादा, माईंचे थोरले भाऊ, नेहमीसारखे टेबलाच्या टोकाला. त्यांच्या उजव्या हाताला वहिनी, डाव्या हाताला जावई, त्याच्या शेजारी माईंची लेक ताई. आणि समोर, चार खुर्च्या सोडून एकटी, चिमी.

चिमी म्हणजे माईंच्या धाकट्या भावाची मुलगी. आई लहानपणीच गेलेली, बाप गेला तेव्हा अकरा वर्षांची; तेव्हा माईंनीच तिला आपल्या सासरी नेऊन वाढवलं. आता सव्वीस. बापामागं त्याचं खिडकीजवळचं टेबल तिनं घेतलं होतं. फाटकी, वाळवी लागलेली, पाठ तुटलेली पुस्तकं तिच्याकडे यायची आणि धड होऊन जायची. महिन्यापूर्वी जावयानं ते टेबल खिडकीपासून उचलून मागच्या कागदाच्या गोदामात लावलं होतं. कारण काय, तर जुन्या पुस्तकांना ऊन लागतं. पंचवीस वर्षं लागलं नव्हतं ते.

आणि गेल्या गुरुवारी, अकरा कामगारांच्या देखत, चिमी गोदामातून बाहेर आली आणि स्पष्ट म्हणाली होती, "भावोजी, माझ्या अंगाला हात लावायचा नाही. हे मी पाचव्यांदा सांगतेय." कटिंग मशीनवाल्यानं मशीन बंद केलं होतं. म्हणून आजची ही बैठक.

माई वहिनींशेजारी बसल्या. त्यांनी कागद पुढं ओढला, पण पट्टी हातात धरवेना.

"घ्या वन्सं, सुरू करा," वहिनी हळूच म्हणाल्या. "सकाळी तोंड बंद, आता हात बंद. घरात तुम्ही आहात की नाही हेच कळत नाही मला कधीकधी."

माईंचं सकाळचं मौन घरादाराला ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, रोज पहाटे सहापासून नऊपर्यंत त्या वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत जपाला बसत आणि एक शब्द बोलत नसत. खाली नऊ वाजता कटिंग मशीनचा पहिला धप्प आवाज झाला, की मौन सुटे. तोवर कुणाला काही हवं असेल तर खुणा ठरलेल्या होत्या. दोन बोटं वर म्हणजे नंतर ये. पंजा उभा म्हणजे थांब. दाराबाहेर एक स्टूल होतं, थांबणाऱ्यासाठी.

दादांनी घसा साफ केला. "हे बघा. घरातली गोष्ट आहे. पुढच्या महिन्यात कारखान्याला पन्नास वर्षं होतायत. बाहेर चर्चा नको. मी एक कागद लिहिलाय." त्यांनी खिशातून घडी काढून उलगडली. "चिमीनं नदीपलीकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बसायचं. तिथं तिला तिची खोली, तिची खिडकी. आणि गुरुवारी जे झालं ते गैरसमजातून झालं, एवढं लिहून द्यायचं. अकराजणांनी ऐकलंय, त्यांना वाचून दाखवायला लागेल."

"म्हणजे मीच जायचं," चिमी म्हणाली. तिनं कागदाला हात लावला नव्हता. या टेबलावर घडी न घालता बसलेलं माणूस माईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

"जायचं म्हणजे काय, हाकलतोय का तुला कुणी?" ताई म्हणाली. तिचे हात झपाझप चालत होते. "उलट सोयच बघतायत मामा. तुला ऊन हवं होतं ना?"

"मला माझ्या बाबांचं टेबल हवंय. जिथं होतं तिथं."

जावई इतका वेळ शांतपणे घड्या घालत होता. त्याच्या घड्या नेहमीच सरळ येत. कडेला कड. त्यानं वर पाहिलं तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडं दुःखच होतं, आणि माईंना त्याचीच भीती वाटली.

"मामा, मला बोलू द्या. मी हिला लहानपणापासून बघतोय. पाठीवर हात ठेवला असेल मी, नाही म्हणत नाही. ताईच्या पाठीवर ठेवतो, तुमच्या ठेवतो. पण ही जे सुचवतेय..." तो थांबला. "मी असा माणूस आहे का? तुम्हीच सांगा. आई, तुम्ही सांगा."

माईंची मान खाली गेली. हा माणूस कसा आहे, हे खरंच त्यांना सांगता आलं नसतं. नऊ वर्षांपूर्वी यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा याच जावयानं त्यांना सात महिने उचलून बसवलं होतं, पुसलं होतं, पडल्या पडल्या दाढी केली होती, तीही थट्टा करत. पोटच्या मुलानं केलं नसतं. आणि हाच माणूस गोदामाच्या दारात आडवा उभा राहायचा आणि "अगं, घरचाच आहे ना मी" म्हणत हसायचा. एकाच देवानं एकाच देहात ही दोन माणसं कशी घातली असतील, हे माईंना जपाच्या माळेवरही उलगडलं नव्हतं.

"पाठीवर नाही," चिमी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला, पण तुटला नाही. "कागद आणायला गेले की गोदामाचं दार लावून. आणि मी नको म्हटलं की दुसऱ्या दिवशी माझं काम कमी. मार्चमध्ये त्या ग्रंथालयाच्या चाळीस पोथ्या आल्या होत्या, त्या बाहेर दिल्या. का, तर चिमी सध्या बरी नाही. मी ठणठणीत होते."

"अगं, पण हे तू आत्ता सांगतेयस," जावई म्हणाला. "कधीपासून म्हणतेस? चार महिने? चार महिन्यांत घरातल्या एका तरी माणसाला सांगितलंस? काकू आहेत, ताई आहे. वर आई आहेत, त्यांच्याशी तर तुझं एवढं गूळपीठ. कुणालाच नाही. आणि टेबल हलवल्यावर बरोबर आठवलं. मामा, मी वेगळं काही म्हणत नाही, फक्त हिशेब जुळत नाही एवढंच म्हणतोय."

दादांनी मान हलवली. ते न्यायी माणूस होते, आणि हा मुद्दा त्यांना मुद्दा वाटला हे माईंना दिसलं. "चिमे, सांगितलं होतंस का कुणाला?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

चिमीनं खुर्ची थोडी मागं सरकवली.

तिनं माईंकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर टेबलावरच्या खळीच्या डागावर. आणि माईंना कळलं, की ही पोर आपलं नाव घेणार नाही. इथं आपली नोकरी, आपली अब्रू, बापाचं टेबल सगळं जातंय, तरी ही आत्याला लेक आणि जावयापुढं उभं करणार नाही. ज्या पोरीला आपण वाढवलं, तिला हे वळण आपणच लावलं होतं, दुसऱ्याला अडचणीत टाकायचं नाही म्हणून.

"बघा," ताई म्हणाली.

"बघायचं काय त्यात?" वहिनी म्हणाल्या. "आठवत असेल ती."

"मामी, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

"मी घडीच्या बाजूनं आहे बाई. तुझ्या घड्या वाकड्या येतायत, तेवढ्या बघ."

दादांनी कागद चिमीपुढं सरकवला. वर पेन ठेवलं. "सही कर बेटा. माझ्याकडे बघून कर."

चिमीनं पेन उचललं. टोपण काढलं.

"मला सांगितलं होतं तिनं," माई म्हणाल्या.

आवाज इतका हळू होता की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही कोण बोललं. मग ताईचे हात थांबले. जावयाचे नाही थांबले. त्यानं हातातली घडी पुरी केली, पट्टीनं दाबली, ढिगावर ठेवली, आणि मग वर बघितलं.

"चार महिन्यांपूर्वी," माई म्हणाल्या. "मंगळवार होता. सकाळी साडेआठला आली. मी जपाला बसले होते. पायाशी बसून सगळं सांगितलं तिनं. दार लावल्याचं, सगळं."

"आई, तेव्हा तुझं मौन असतं," ताई घाईनं म्हणाली. "मौनात तू आपल्या नादात असतेस. तुला नीट ऐकूही आलं नसेल."

"ऐकू आलं."

"बरं, आलं. पण तू बोलणार कशी होतीस?"

"तेच की," दादा म्हणाले. त्यांचा स्वर एकदम मऊ झाला. बहिणीला सोडवायला वाट सापडली होती. "व्रत म्हणजे व्रत. नऊ वर्षांचं. मोडायचं नव्हतं तिला. यात माईचा काय दोष?"

"मी पण तेच समजले, काका," चिमी म्हणाली. ती पहिल्यांदाच माईंकडे वळली. "आत्या, मी मुद्दामच त्या वेळी आले होते. तू मधे बोलणार नाहीस म्हणून. कुणी मधे बोललं असतं तर माझ्याच्यानं पुरं झालं नसतं. तू डोक्यावर हात ठेवलास. मला वाटलं, बघेल आत्या आता."

वाट सगळ्यांनी मोकळी करून दिली होती. दादांनी, लेकीनं, ज्या पोरीचं नुकसान झालं तिनंसुद्धा. माईंनी नुसतं डोळे मिटून 'देवाची मर्जी' म्हटलं असतं तरी सगळे समजून गेले असते. चार महिने त्या स्वतःला तेच सांगत आल्या होत्या. मौन होतं. आपलं मौन होतं त्या दिवशी. सकाळी माळ हातात घेतली की पहिल्या मण्याला तेच, शेवटच्या मण्यालाही तेच.

"मौन नऊला सुटतं," माई म्हणाल्या.

त्यांनी पुढ्यातला कागद बाजूला सारला.

"खाली मशीन सुरू झालं. पहिला आवाज मी ऐकला. नऊ वाजले होते. ही बाहेर स्टुलावर बसली होती. दाराखालच्या फटीतून हिच्या चपला दिसत होत्या मला. उजव्या चपलेचा अंगठा शिवलेला आहे, तोही दिसत होता. मी उठले नाही."

"आत्या," चिमी म्हणाली.

"साडेनऊ झाले. तू उठून गेलीस. कामाला उशीर झाला म्हणून पळतच गेलीस, पावलं ऐकली मी. मी अकराला बाहेर आले. आणि पाटीवर लिहून स्वयंपाकघरात ठेवलं, आज दिवसभर मौन. आठवतं का वहिनी?"

वहिनींनी पट्टी खाली ठेवली. "आठवतं. मी म्हटलंही, आज काय विशेष आहे. तुम्ही वर बोट दाखवलंत. देवाकडे."

"देवाचं काही नव्हतं त्यात. नऊ वर्षांत एकदाच मी देवाचं नाव पुढं करून लपले." माईंचे हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट. "दुसऱ्या दिवशी तू विचारायला येशील म्हणून मी सकाळी दार आतून लावलं. तिसऱ्या दिवशीही. मग तू यायचीच थांबलीस."

"पण का, माई?" दादांनी विचारलं. "खरं वाटलं नाही तुला?"

"लगेच वाटलं. म्हणून तर." त्या जावयाकडे वळल्या. "पूर्वी ती कव्हरं चिकटवणारी मुलगी होती, कुरळ्या केसांची. न सांगता निघून गेली. तेव्हा तुम्ही म्हणालात, हल्लीच्या पोरींना टिकून काम नको. त्या आधी दोन दिवस मी तिला जिन्याखाली रडताना बघितलं होतं. मी विचारलं नाही. आपली लेक सुखात आहे, यापुढं मला काही दिसेनासं झालं होतं."

जावयाचा चेहरा पहिल्यांदा हलला. "आई, तुमच्या घरासाठी मी काय करायचं ठेवलं? बाबांचं सगळं मी..."

"केलंत," माई म्हणाल्या. "ते खरंच आहे. मरेपर्यंत विसरणार नाही. आणि हेही खरंच आहे. मी तुम्हाला इतकी वर्षं एकावर दुसरं ठेवून झाकत आले. ते जमत नाही हो. दोन वेगळी पुस्तकं आहेत, एका पाठीत शिवता येत नाहीत."

ताई उठली. खुर्ची मागं पडली, तिनं उचलली नाही. "तुला बोलायला आजचा दिवस सापडला, आई? नऊ वर्षं गप्प बसायची सवय आहे ना तुला? मग आजच काय झालं?"

खरं तर ताईला उत्तर नकोच होतं. ती दारापर्यंत गेली, थांबली, नवरा येतो का बघितलं. आणि तो उठायच्या आतच एकटी निघून गेली. माईंना वाटलं, आपल्या लेकीलाही कुठलातरी मंगळवार आठवला असेल. तिच्याही खोलीला दार आहे, तेही कधी आतून लागलं असेल.

मग दादांनी चिमीपुढला कागद परत ओढला, त्याची एक घडी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली, हाडाच्या पट्टीनं करकचून दाबली आणि रद्दीच्या खोक्यात टाकला.

"जावईबापू, ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवा. गोदामाचीही."

"मामा, एकदा विचार करा. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे."

"नाही करायचा कार्यक्रम," दादा म्हणाले. "पन्नास वर्षं काय बांधलं तेच बघायला लागेल आता."

दोन किल्ल्या टेबलावर आल्या. तो गेला. जाताना त्यानं ताईची पडलेली खुर्ची उचलून नीट लावली. त्याला तशी सवयच होती.

"चिमे, तुझं टेबल उद्याच्या उद्या खिडकीपाशी आणतो," दादा म्हणाले. "मी स्वतः उचलतो."

चिमी उठली होती. तिनं पेनाचं टोपण लावलं. "मला वाटत होतं तुझा जप लांबला असेल," ती माईंना म्हणाली. रागानं नाही. जणू एखादी जुनी चूक दुरुस्त करतेय तशी. "जाण्याआधी मी दाराला परत एकदा कान लावला होता. आत तू खोकलीस. मला इतकं बरं वाटलं होतं आत्या, की तू आत आहेस."

माईंनी हात पुढं केला. चिमीनं तो घेतला नाही, झिडकारलाही नाही. ती बाजूनं निघून जिना चढून गेली.

वहिनींनी माईंपुढचा घडी न पडलेला गठ्ठा आपल्याकडे ओढला आणि एकट्याच घड्या घालू लागल्या. "जा वर," त्या म्हणाल्या. "मी करते एवढं." त्यात टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सोमवार. पहाटे सहाला माईंनी माळ खुंटीवरून काढली, हातात धरली, आणि परत टांगली. देवापुढं हात जोडून म्हणाल्या, "आज नाही बसत." नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या वेळी स्वतःचा आवाज ऐकून त्या दचकल्या.

चिमीची खोली जिन्याच्या दुसऱ्या बाजूला. दार लोटलेलं होतं. आत उजेड होता. कात्रीचा आणि कागद फाडल्याचा आवाज येत होता. माईंनी दार ढकललं. चिमी जमिनीवर बसली होती. भोवती सुया, मेणाचा दोरा, बापाची जुनी पट्टी, सगळं एका पेटीत भरायचं चाललं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर न्यायला की नदीपलीकडे, की आणखी कुठं, ते पेटीवरून कळत नव्हतं.

"चिमे, मला थोडं बोलायचंय," माई म्हणाल्या. "तू काही बोलू नकोस. नुसतं ऐकलंस तरी..."

चिमीनं वर पाहिलं नाही. दोन बोटांत सुई होती, ती तिनं कापडात टोचली. मग हात उचलून पंजा उभा धरला.

थांब.

माई मागं सरकल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. आपल्या खोलीबाहेरचं स्टूल त्यांनी स्वतः उचलून आणलं, चिमीच्या दारापाशी ठेवलं आणि त्यावर बसल्या. ते स्टूल एवढं ठेंगणं आहे आणि त्याचा एक पाय डुगडुगतो, हे त्यांना आजच कळलं. नऊ वर्षांत त्यावर त्या कधी बसल्याच नव्हत्या.

सात वाजले. आठ वाजले. वहिनी जिन्यावरून बघून गेल्या. दादा खाली कामगारांना टेबल कुठून धरायचं ते सांगत होते. दाराखालच्या फटीतून चिमीची सावली इकडून तिकडे होत होती. माईंनी पाय थोडे मागं घेतले, मग परत पुढं ठेवले, तिला दिसावेत असे.

खाली कटिंग मशीनचा पहिला धप्प आवाज झाला. नऊ वाजले.

आत सावली थांबली. दार उघडलं नाही. माई बसून राहिल्या.